तीनशे एमबीची हडळ

माझ्या सासूबाईंना भुतं आवडतात. हे मी तक्रार म्हणून सांगत नाहीये, कौतुक म्हणून सांगतोय. इतरांच्या सासूबाईंना काय काय आवडतं ते मी बरखेड्याच्या पार्कातल्या बाकावर रोज ऐकतो, आणि त्या मानाने भुतं फारच सोज्वळ.

सासूबाई, म्हणजे शशिकलाबाई, उज्जैनच्या एका मुलींच्या शाळेत तेवीस वर्षं मुख्याध्यापिका होत्या. त्यामुळे त्या भुताला घाबरत नाहीत, तपासतात. हडळ पडद्यावर आली की चष्मा पुसून नीट बसतात आणि शेरा देतात. "नुसते केस मोकळे सोडून आलीये, बाकी तयारी शून्य." किंवा, "भूत हुशार आहे हो, पण फार घाई करतं." एका पिक्चरमध्ये थडग्यांतून पन्नास-साठ मुडदे उठून चालायला लागले तेव्हा मी उशीमागे तोंड लपवलं होतं, आणि ह्या म्हणाल्या, "रांग बघा कशी वाकडी. ह्यांना कोणी सांगितलंच नाही."

गेल्या जानेवारीत उज्जैनचं घर बंद करून त्या आमच्याकडे भोपाळला आल्या. उज्जैनला भाजीवाल्यापासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत सगळे त्यांना 'बड़ी दीदी' म्हणायचे. बरखेड्यात त्या एका दिवसात 'गिरीशजी की सास' झाल्या. माझ्यासारख्या माणसाची सास ही काही ओळख नव्हे, हे मला मान्य आहे. रोज संध्याकाळी त्या गॅलरीत उभं राहून कुणी नमस्कार करतंय का ते बघायच्या. कुणी करायचं नाही.

आणि मग त्यांना अमावस्या मंडळ सापडलं.

हे मंडळ म्हणजे आमच्या कारखान्याच्या वसाहतीतल्या तीन बायका. ओमना सिस्टर, कारखान्याच्या दवाखान्यातून रिटायर झालेल्या, मूळच्या केरळच्या. सत्यवतीअम्मा, ज्यांचे यजमान टर्बाइन जोडायला म्हणून आंध्रातून सहा महिन्यांसाठी आले ते चव्वेचाळीस वर्षं राहिले. आणि सुशीला चाची, आमच्या शेजारच्या श्यामजींच्या आई. दर अमावस्येला एकीच्या घरी जमायचं आणि भुताचा पिक्चर बघायचा. दुपारी तीनला, कारण साडेआठला तिघी झोपतात. अंधारासाठी खिडक्यांना ब्लँकेटं लावतात. मे महिन्यातल्या भोपाळात खिडक्यांना ब्लँकेटं लावून बसणाऱ्या बायका भुताला काय घाबरणार, हा माझा प्रश्न आहे, पण तो मी मनातच ठेवलाय.

चौथी मेंबर म्हणून सासूबाईंना घेतलं, पण कच्चं घेतलं. नियम असा की नव्या मेंबरने आपल्या घरी एक अमावस्या काढून दाखवायची. खाणं बिघडलं तर माफ. पिक्चर बिघडला तर नाही. सत्यवतीअम्मांकडे एकदा शेवटी भूत म्हणजे हीरोचा जुळा भाऊ निघाला होता, त्याला सहा वर्षं झाली, अजून काढतात.

"टीचरजी, इस बार आपके यहाँ," असं ओमना सिस्टर जिन्यात म्हणाल्या तेव्हा मी बाजूला उभा होतो. सासूबाई त्या दिवशी जिना कठड्याला हात न लावता चढल्या.

आता अडचण भाषेची. ओमना सिस्टरना मल्याळमच हवं. त्यांच्या मते हिंदीतलं भूत गाडी लेट असल्याची घोषणा केल्यासारखं बोलतं. सत्यवतीअम्मांचं हिंदी भाजीपुरतं, त्यात भूत बसत नाही, त्यांना तेलुगु. सुशीला चाचींना हिंदी सोडून जगात काही बोलतात हेच मान्य नाही. "माझं काही नाही हो," सासूबाई म्हणाल्या, "मराठी मिळालं तर बरं. मराठीत कधी कुणी नीट घाबरवलंच नाही मला."

चौघींनी एकमताने जो पिक्चर ठरवला त्याचं नाव 'डायन का दफ़्तर'. मी मूळचा साताऱ्याकडचा. भोपाळला येऊन अकरा वर्षं झाली आणि माझं हिंदी उत्तम आहे, असं माझं मत आहे. मी सासूबाईंना म्हटलं, "वा, तुमच्या शाळेचाच विषय. हडळीचं दप्तर."

"दफ्तर म्हणजे ऑफिस, गिरीशराव," त्या शांतपणे म्हणाल्या. "त्या बाईंना मरेपर्यंत प्रमोशन मिळालं नाही, म्हणून त्या रेकॉर्ड रूममध्ये राहतात."

"पिक्चरची जबाबदारी माझी," मी म्हटलं. माझी बायको प्रतिभा कोथिंबीर निवडत होती. तिने मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा कोथिंबिरीकडे वळली. वीस वर्षांच्या संसारात एवढं पुरतं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, ती मला सांगायची नाहीये. मी कारखान्यात सुरक्षा विभागात आहे. हेल्मेट घाला, चालत्या मशीनशी बोलू नका, वगैरे. शिवाय वसाहतीच्या सुरक्षा समितीचा मी सचिव. आणि बरोबर दोन आठवड्यांपूर्वी सायबर सुरक्षा पखवाड्यात, म्हणजे पंधरवड्यात, मी कम्युनिटी हॉलमध्ये दीडशे लोकांसमोर भाषण केलं होतं. भाषण वरून छापून आलं होतं, मी ते नुसतं वाचलं, पण वाचलं छान. श्यामजी पहिल्या रांगेत होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

तर मंगळवारी दुपारी, पहिली शिफ्ट संपवून, जेवून, मी फोन घेऊन बसलो.

फुकट पिक्चर देणाऱ्या ह्या साइटींबद्दल लोक वाईट बोलतात. मला तर त्यांच्या कारागिरीचं आश्चर्य वाटलं. एका पानावर डाउनलोडची सात बटणं होती आणि सातही खोटी. पहिलं दाबलं तर माझ्या फोनमध्ये तेरा व्हायरस असल्याचं कळलं. दुसरं दाबलं तर मी भाग्यवान विजेता निघालो. तिसऱ्याने मला माझ्या परिसरातल्या एकाकी महिलांची माहिती दिली. नेमकी तेव्हाच प्रतिभा चहा घेऊन आली. "तुझ्या आईचं काम चाललंय," मी म्हटलं. माणूस खरं बोलतो तेव्हाच तो किती खोटा दिसतो.

आठवं बटण पानाच्या तळाशी, मुंगीएवढं, ते खरं होतं. आणि फाइलचं नाव म्हणजे काय सांगू. पिक्चरचं नाव, साल, चारशे ऐंशी पी, हिंदी-तमिळ-तेलुगु-मल्याळम-मराठी, तीनशे एमबी. दोन तासांचा पिक्चर, पाच भाषा, एक हडळ, एक अख्खं सरकारी ऑफिस, आणि वजन तीनशे एमबी. आमच्या लग्नाचा व्हिडिओ ह्याच्या दहापट आहे आणि त्यात कुणी एक शब्द बोलत नाही. ज्याने कुणी ही हडळ घडी घालून एवढ्याशा डबीत बसवली त्याला मी मनातल्या मनात हात जोडले.

फाइल उतरली ती सहाच एमबीची. हुशारी म्हणजे किती, मला वाटलं. नावाच्या शेवटी 'एपीके' असं होतं. ही त्या कारागिराची आद्याक्षरं असणार, असा मी अंदाज केला. ए. पी. कुलकर्णी असेल, केळकर असेल. आपला मराठी माणूस ह्या क्षेत्रातही पुढे आहे, म्हणून जरा बरंही वाटलं.

आता तुम्ही म्हणाल, भाषण करणाऱ्या माणसाला एपीके, म्हणजे फोनमध्ये ऍप बसवणारी फाइल, कळू नये? भाषणात होतं ते. पण भाषण पखवाड्याचं असल्यामुळे शुद्ध हिंदीत होतं, आणि त्यात एपीकेला 'अनुप्रयोग संस्थापन संचिका' म्हटलं होतं. तिच्यापासून सावध राहा असं मी दीडशे लोकांना बजावलं होतं. ती माझ्यासमोर ह्या कपड्यांत येईल हे मला कसं कळणार.

मी फाइल उघडली. फोनने विचारलं, संपर्क वाचू देऊ का? दे. मेसेज पाठवू देऊ का? दे. बाकीच्या ऍपच्या वरून बघू देऊ का? बघ बाबा. लग्नाच्या पंगतीत वाढपी येतो तसं चाललं होतं, मी नुसता मान हलवत होतो. मग पडदा काळा झाला. मला वाटलं, पिक्चर सुरू झाला. भुताचा पिक्चर आहे, अंधारानेच सुरू होणार. मी सहा-सात मिनिटं त्या काळ्या पडद्याकडे श्रद्धेने बघत होतो.

तेवढ्यात माझ्या फोनमधून माझ्या नावाने चारशे अकरा लोकांना मेसेज गेला. "ये आप ही हैं क्या? देखिए." खाली फाइल, आणि फाइलचं नाव 'डायन'.

चारशे अकरा लोकांत आमच्या विभागप्रमुखांच्या सौभाग्यवती होत्या. टी. टी. नगरच्या ऑफिसातल्या त्या मॅडम होत्या ज्यांच्याकडे माझा एक कागद आठ महिने अडकलाय आणि आता अडकूनच राहील. दूधवाला होता. त्याने उत्तर दिलं, "नहीं साहब, कल छुट्टी पे था." सुशीला चाचींचं उत्तर तर अजून माझ्याकडे आहे: "नहीं बेटा, मैं तो घर पर हूँ."

पण श्यामजींनी उत्तर दिलं नाही. श्यामजींनी फाइल उघडली. आणि मग तोच मेसेज श्यामजींच्या फोनमधून त्यांच्या सगळ्या लोकांना गेला, ज्यांत हबीबगंजच्या बाजूला राहणाऱ्या एक बाई होत्या. श्यामजींच्या मुलीचं, ऋतुजाचं, त्यांच्या मुलाशी जवळजवळ ठरलं होतं. होणाऱ्या विहिणीला श्यामजींनी विचारलं होतं, डायन, ये आप ही हैं क्या.

बुधवारी सकाळी नऊला श्यामजी दारात.

"गिरीशजी, अपन ने क्या बिगाड़ा था आपका?"

"श्यामजी, तो मी नव्हतो हो. फोन होता."

"फोन आपका था कि नहीं?"

"होता."

"भाषण आपका था कि नहीं?"

ते म्हणाले, मी सायबरवाल्यांकडे तक्रार देणार, तुमच्या नावाने. मी म्हटलं, जरूर द्या, मीही देणार आहे, त्या ए. पी. केळकरच्या नावाने. मग असं निघालं की दोघांना एकाच ऑफिसात जायचंय, आणि माझी स्कूटर दुरुस्तीला टाकलेली. तर तक्रारदार पुढे आणि आरोपी मागे, असे आम्ही एका स्कूटरवर निघालो. वाटेत श्यामजी एकदाच बोलले. फक्त एका स्पीड ब्रेकरला, "पकड़ के बैठिए," एवढंच. संस्कारी माणूस.

घरातून निघताना सासूबाई दारात आल्या होत्या. त्यांच्या हातात यादी होती: भुट्ट्याचा कीस, चार उशा, ब्लँकेटं. "शुक्रवारचं जमतंय ना?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "जमलंच." प्रतिभा त्यांच्या मागे उभी राहून माझ्याकडे बघत होती. ह्या खेपेला कोथिंबीरही नव्हती.

सायबर मदत कक्षात आधी एका खिडकीवर अर्ज, मग दुसऱ्या खिडकीवर त्याच्या दोन झेरॉक्स, मग कळलं की झेरॉक्सवर झेरॉक्सची तारीख हवी. तासाभराने आम्ही उपनिरीक्षक अमृता मॅडमसमोर बसलो. वय असेल तिशीचं. माझा फोन त्यांनी असा हातात घेतला, जसं सर्दी झालेल्या पोराचं नाक धरावं. नेट बंद केलं, ते ऍप शोधून काढलं, माझ्याकडून बँकेला फोन लावून खातं तात्पुरतं गोठवलं, सगळे पासवर्ड बदलायला लावले आणि मग फोन पुसून कोरा केला. मग श्यामजींचा. वीस मिनिटं. मी सुरक्षेत अठ्ठावीस वर्षं काढली, पण काम असं हातातून वाहताना फार क्वचित बघितलंय.

"क्या देखना था?" त्यांनी न बघता विचारलं.

"पिक्चर. भूतवाली. पाँच भाषा में. तीन सौ एमबी."

"सर, तीन सौ एमबी में पाँच भाषा नहीं आतीं. और आपने जो उतारी वो छह एमबी की थी. छह एमबी में तो डायन की चोटी भी नहीं आती." मग त्यांनी समजावलं. खरी फाइल मिळाली असती तरी ती चोरीची, उतरवणाराही कायद्यात अडकू शकतो. आणि चोरांकडून फुकट घेतलं की चोर आपल्याकडून काहीतरी घेणारच, तो काही समाजसेवेला बसलेला नाही. माझे बँकेचे मेसेज तो वाचायच्या बेतात होता, थोडक्यात वाचलो.

मग त्यांनी आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "आप लोग पड़ोसी हैं. केस-वेस में क्या रखा है. ऐसा कीजिए, बाहर बैठिए और राज़ीनामा लिख लाइए. बात ख़तम."

माझ्या पायाखालची फरशी सरकली.

राजीनामा. इथपर्यंत आलं होतं. एका हडळीपायी. मी बाहेर बाकावर बसलो. श्यामजींनी खिशातलं पेन काढून दिलं, आणि ते देताना त्यांचा चेहरा इतका सहज होता की मला वाटलं, बघा, माणसं किती पटकन परकी होतात. पण मी डगमगलो नाही. नोकरीचा राजीनामा पोलीस मागू शकत नाहीत एवढं मला माहीत होतं, म्हणजे हा सुरक्षा समितीच्या सचिवपदाचा. मी लिहिलं. मोठं लिहिलं. सात वर्षांच्या सेवेत बसवलेले तीन गेट, उतरवलेली मधमाश्यांची दोन पोळी, आणि समितीच्या मीटिंगला कुणी येत नसतानाही मी एकट्याने पूर्ण केलेला कोरम. शेवटी, "व्यथित अंतःकरण से पद का त्याग करता हूँ."

अमृता मॅडमनी कागद वाचला. पुन्हा वाचला. "ये मधुमक्खी का इसमें क्या है?"

"मेरा राजीनामा."

"ये तो इस्तीफ़ा है."

"वही तो."

"सर, राज़ीनामा मतलब समझौता. दोनों पार्टी राज़ी. आपको किसने बोला पद छोड़ने को?"

मराठीत राजीनामा दिला की माणूस जातो, आणि हिंदीत राज़ीनामा दिला की माणूस राहतो. अकरा वर्षांत हे मला एकाही माणसाने सांगितलं नव्हतं. मी कागद परत घ्यायला हात पुढे केला. तो कागद तोपर्यंत श्यामजींच्या हातात होता. त्यांनी तो शांतपणे पूर्ण वाचला, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला.

"रहने दीजिए मैडम," ते म्हणाले, "ये भी ले लेते हैं."

तेव्हा मला कळलं की श्यामजींना सचिव व्हायचं होतं. कधीपासून, कोण जाणे. पहिल्या रांगेत बसून टाळ्या उगाच कुणी वाजवत नाही.

मग खरा राज़ीनामा झाला. कलम एक, गिरीशजींनी होणाऱ्या विहीणबाईंना स्वतः फोन करायचा. कलम दोन, श्यामजी तक्रार करणार नाहीत. कलम तीन सांगताना श्यामजींचा आवाज जरा खाली आला. "अम्मा शुक्रवार की राह देख रही हैं. तीन दिन से ब्लाउज़ निकाल के रखा है. पिक्चर होनी चाहिए. और चोरी की नहीं."

मी तिथूनच फोन लावला. "नमस्ते जी, मैं श्यामजी का पड़ोसी. मुझे कहना था कि आप डायन नहीं हैं."

पलीकडून त्या बाई म्हणाल्या, "जी, मुझे मालूम है." आणि पुढे, "पर पिक्चर कैसी है? हमारे यहाँ सब पूछ रहे हैं." लग्न टिकलं.

राहिलं कलम तीन. मी अमृता मॅडमना विचारलं, सरळ मार्गाने हा पिक्चर बघायचा तर काय करायचं? कायद्याची वाट फार लांबची असणार अशी माझी समजूत होती. त्यांनी विचारलं, "रिचार्ज कौन सा है आपका?" मी सांगितलं. त्यांनी फोनवर दोनदा बोट फिरवलं. "इसी में तो मिलता है सर. ऐप मुफ़्त है आपके रिचार्ज के साथ. डायन का दफ़्तर भी है. एक साथ चार जगह चल सकता है. कंपनी हर महीने मैसेज भेजती होगी."

पाठवत होती. दर महिन्याला. 'आपल्या रिचार्जसोबत मनोरंजन मोफत, इथे क्लिक करा.' अनोळखी लिंकवर क्लिक करू नये, ह्या माझ्याच तत्त्वाने मी ते दर महिन्याला पुसून टाकत होतो, आणि त्याचा मला अभिमान होता. चौदा महिने मी खऱ्या माणसाला दारातून हाकललं आणि चोराला चहाला बसवलं.

"ये न होता तो भी रास्ते हैं," मॅडम म्हणाल्या. पुष्कळ कंपन्या जुने भुताचे पिक्चर आपल्या अधिकृत चॅनेलवर स्वतःच टाकतात, जाहिराती सोसल्या की झालं. एखादा नवा पिक्चर दोन दिवसांसाठी भाड्यानेही मिळतो. फक्त ऍप फोनच्या दुकानातूनच घ्यायचं, साइटवरून नाही. मग जरा थांबून, "वैसे सर, अच्छी है. रिकॉर्ड रूम वाला सीन अकेले मत देखिएगा." आणि पुढची झेरॉक्स मागवली.

घरी येऊन मी सासूबाईंना सगळं सांगितलं. काही गाळायचं ठरवलं होतं, पण मुख्याध्यापिकेसमोर गाळता येत नाही. चोरीची फाइल ऐकल्यावर मात्र त्यांचा चेहरा बदलला. "गिरीशराव, ती हडळ झालेली मुलगी पाच-पाच तास मेकअपला बसली असेल. डोळ्यांत त्या काचा घालून. तिची मेहनत आपण पिशवीत भरून मागच्या दाराने आणायची? माझ्या घरी?" मी खाली बघितलं. त्यांनी 'माझ्या घरी' म्हटलं होतं. जानेवारीपासून पहिल्यांदा.

मग मी ऍप उघडलं, पिक्चर काढला, भाषांची यादी बघितली. मल्याळम, तेलुगु, तमिळ, हिंदी, कन्नड. मराठी नव्हतं.

गुरुवारचा अख्खा दिवस हे सांगायची माझी हिंमत झाली नाही. सगळ्यांची सोय झाली होती आणि यजमानीणबाईंचीच नव्हती. आणि दुसरा घोळ असा की टीव्ही एका वेळी एकच भाषा बोलतो. मी प्रतिभाला म्हटलं, "तीन फोन, तीन इयरफोन. प्रत्येकीच्या कानात आपापली भाषा, डोळे टीव्हीवर. तिन्ही फोन आणि टीव्ही एकदम सुरू करायचे."

"तू करणार एकदम?" ती म्हणाली.

"मी सुरक्षा विभागात आहे."

"होतास म्हण. समितीत तरी," ती म्हणाली, आणि तिचा फोन काढून दिला.

शुक्रवारी तीनला तिघी आल्या. सुशीला चाचींनी खरंच ते ब्लाउज घातलं होतं. ब्लँकेटं लागली, कीस झाला, उशा मांडल्या. टीव्हीसमोर मधल्या खुर्चीत सासूबाई. मी खाली वाकून हळूच सांगितलं, "आई, मराठी नाहीये. हिंदी लावू का टीव्हीवर?"

"टीव्हीचा आवाज बंद करा," त्या म्हणाल्या. "सुशीलाबाईंच्या कानात हिंदी, वर टीव्हीचं हिंदी, त्यांना कसं ऐकू येईल? आणि मला नको आवाज. तेवीस वर्षं शेवटच्या बाकावरच्या मुलींचे नुसते ओठ बघून मी सांगत होते कोण काय बोललं. ही तर पहिल्या बाकावर आहे."

मी एक-दोन-तीन म्हणून चारही ठिकाणी बटण दाबलं. माणसाला दोन हात असतात, हे माझ्या योजनेत राहून गेलं होतं. शिवाय आमच्या वसाहतीतलं नेट ज्याला जसं वाटेल तसं येतं. ओमना सिस्टरचा फोन सगळ्यांत पुढे धावला, त्यांच्या मागे सत्यवतीअम्मा, मग सुशीला चाची, आणि टीव्ही सगळ्यांत मागे, सुस्त. मी थांबवून पुन्हा लावलं. मग पुन्हा. फरक उलट वाढला. चौथ्यांदा हात पुढे केला तेव्हा ओमना सिस्टरनी तो बाजूला सारला.

"छोड़िए ना. शुरू हो गया."

मी कोपऱ्यात उभा राहिलो आणि सासूबाईंची अमावस्या माझ्यामुळे बुडताना बघायची तयारी केली.

पडद्यावर रेकॉर्ड रूमचा दरवाजा होता, बंद. एक कारकून त्याच्याकडे चालला होता, अजून बऱ्याच लांब. आणि ओमना सिस्टर किंचाळल्या. पडद्यावर काहीही नव्हतं. दरवाजा आणि कारकून. सत्यवतीअम्मांनी सिस्टरकडे बघितलं, उशी घट्ट धरली, आणि अडीच सेकंदांनी त्या किंचाळल्या. आता सुशीला चाचींना कळलं की पुढचा नंबर आपला आहे. इतकं शुद्ध भय मी माणसाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही. त्यांना दोन सेकंद वाट बघावी लागली, आणि ती दोन सेकंदं त्या जशा थरथरत बसल्या ते दृश्य कुठल्याही पिक्चरमध्ये नसेल. मग त्या ओरडल्या, "हे राम," आणि कीस माझ्या पायावर.

टीव्हीवर कारकून अजून चालतच होता.

तिघींनी हळूहळू माना वळवून मधल्या खुर्चीकडे बघितलं. सासूबाई ताठ बसल्या होत्या, हात मांडीवर. दरवाजा उघडला. हडळ बाहेर आली, हातात पिवळी फाइल, केस व्यवस्थित अंबाड्यात. सासूबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"या," त्या म्हणाल्या. "तुमचीच वाट बघत होतो. ह्या तिघींना भेटलात ना वाटेत?"

सत्यवतीअम्मांना मराठी येत नाही. पण हसायला सुरुवात त्यांनीच केली.

पिक्चर सव्वादोन तास चालला. प्रत्येक भयाचे तीन हप्ते झाले आणि शेवटी एक शेरा. मध्यंतरानंतर तर तिघी एकमेकींकडेच बघत होत्या, पडद्याकडे कमी. शेवटी ब्लँकेटं काढली तेव्हा सुशीला चाचींना घामाने ब्लाउज बदलायला घरी जावं लागलं, आणि जाताना त्या म्हणाल्या, "चालीस साल में ऐसा डर नहीं लगा. एक ही भूत और तीन-तीन बार." ओमना सिस्टर चपला घालताना थांबल्या. "बड़ी दीदी," त्या म्हणाल्या, "अगली बार आपकी कुर्सी मेरे बाज़ू में."

बड़ी दीदी. ओमना सिस्टरना उज्जैनचं नाव सासूबाईंनी कधी सांगितलं असेल, मला माहीत नाही. त्या उशांचे अभ्रे काढायला लागल्या, सगळे एका दिशेने.

संध्याकाळी बेल वाजली. दारात श्यामजी, सुरक्षा समितीचे नवे सचिव. छातीवर बिल्ला. मला वाटलं, अजून एखादं कलम राहिलं असेल. पण ते इकडेतिकडे बघून आत आले आणि आवाज खाली घेऊन म्हणाले, "गिरीशजी, अगली अमावस हमारे यहाँ है. अम्मा बोल रही हैं वैसा ही चाहिए जैसा यहाँ हुआ. वो बीच में दो-दो, ढाई-ढाई सेकंड का जो फ़र्क़ रखा था आपने, वो कैसे सेट करते हैं?"

मी त्यांना बसायला खुर्ची दिली, प्रतिभाला दोन चहा सांगितले, आणि चष्मा पुसून नीट बसलो.

"श्यामजी," मी म्हटलं, "उसके लिए अनुभव लगता है."